आटे कुणाचे गेले?

स्पार्क प्लग आधी नुसत्या बोटांनी बसवायचा असतो, हे मला आमचा स्पार्क प्लग शहाडच्या पुलावर उडाल्यानंतर समजलं.

उडाला म्हणजे खरोखर उडाला. (तोपर्यंत माझी समजूत होती की रंग उडतो, झोप उडते, फार तर फ्यूज उडतो. प्लगही त्याच मंडळाचा सभासद आहे, याची कल्पना नव्हती!) गाडी मी चालवत होते. शेजारच्या सीटवर गुरुजी. मागे माझा नवरा सुधीर, सासूबाई आणि दोघांच्या मधोमध, तिसरा प्रवासी असल्यासारखं सीटबेल्ट लावून बसवलेलं होमकुंड. चाललो होतो आंबिवलीला, माझ्या नणंदेच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. गुरुजींना वेळेत पोचवायची जबाबदारी माझी. ती मी स्वतःहून मागून घेतलेली. त्याला कारण होतं.

कारण असं की शुभदाने, म्हणजे नणंदेने, आंबिवलीला फ्लॅट घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले होते, "आंबिवलीला? अरे वा! हवा काय छान असेल, गावासारखी!" खरं सांगते, मला कौतुकच करायचं होतं. पण डोंबिवलीच्या माणसाने आंबिवलीच्या हवेचं कौतुक करू नये. शुभदाने तेव्हापासून माझ्याशी बोलणं "हो", "नाही" आणि "आईला फोन दे" एवढ्यावर आणलेलं. मधल्या काळात मी दोन वाढदिवस, एक दिवाळी आणि उकडीचे एकवीस मोदक खर्ची घातले, पण ढिम्म! म्हणून ठरवलं, वास्तुशांतीत असं काही करायचं की ती म्हणेल, वहिनी असावी तर अशी.

आणि नेमकी आमच्या गाडीला उचकी लागली.

सिग्नलला उभी केली की एक आचका, दुसरा गिअर टाकला की दोन. सासूबाई म्हणायच्या, "कुणीतरी आठवण काढतंय तिची." सुधीरला सांगितलं की तो म्हणायचा, "बघू." आमच्या घरात गॅलरीची जाळी, बाथरूमची कडी आणि माझी तुटकी चेन या सगळ्या गोष्टी 'बघू'मध्ये वर्षानुवर्षं सुरक्षित आहेत. शेवटी पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने नुसतं ऐकून सांगितलं, "प्लग गेलेत, मॅडम." गॅरेजवाला म्हणाला, "सोमवारी आणा." वास्तुशांत रविवारी!

"मी बसवते," मी जाहीर केलं.

"काय?" सुधीरने पेपर खाली केला. (एरवी भूकंपालासुद्धा तो पेपर खाली करत नाही.)

"प्लग. व्हिडिओ पाहिलाय मी. तीन काढायचे, तीन लावायचे. मिक्सरचं भांडं बसवण्यापेक्षा सोपं आहे."

व्हिडिओ मी खरंच पाहिलेला. फक्त सुरुवातीला तो माणूस बराच वेळ नुसताच बोलत होता, म्हणून तेवढं पुढे ढकललं. (इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, भोकाजवळची धूळ आधी फुंकून काढा, प्लग ज्यात बसतो ते हेड अ‍ॅल्युमिनियमचं म्हणजे नरम असतं, प्लग हाताने फिरवत न्या आणि पाना अगदी शेवटी लावा... हे सगळं त्या 'नुसत्या बोलण्यात' होतं. ते मी नंतर पाहिलं. आंबिवलीत, एका गॅरेजसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.)

शनिवारी दुपारी बाजारातून आले, पिशव्या सासूबाईंच्या हातात दिल्या आणि तशीच बॉनेट उघडली. आतून भजी तळल्यासारखी वाफ अंगावर आली. म्हटलं, गरम आहे ते बरंच, गरम असताना सगळं सैल असतं. (हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही. बहुधा लाडू वळण्यावरून मीच ठरवलं असणार.) सासूबाई पिशव्या ठेवून देखरेखीसाठी खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये येऊन बसल्या. हातात निवडायची मेथी.

जुने तिन्ही प्लग निघाले. नवीन पहिला बसला. दुसरा बसला. मला वाटायला लागलं, आपण उगाच पतपेढीत आयुष्य घालवलं. तिसरा मात्र पार कोपऱ्यात, माझा हात तिथे नीट पोचेना. मग पान्याच्या टोकाला प्लग अडकवला, आत सोडला आणि फिरवायला लागले. दीड वेढा गेला आणि अडला.

"अडला वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, बसतोय."

"बरणीचं झाकण असं अडलं ना, की जोर नाही करायचा गं. आधी उलटं फिरवायचं. टक् करून आट्यात बसलं की मग सुलटं."

"आई, हे इंजिन आहे. लोणच्याची बरणी नाही!"

"बरं बाई. कशाचं असतं ते? लोखंडाचं?"

"अ‍ॅल्युमिनियमचं."

"म्हणजे जर्मलचं!" सासूबाईंनी मेथी खाली ठेवली. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मलची भांडी म्हणतात. "अगं, मग जपून कर. जर्मलला लगेच पोचा येतो. माझं पातेलं नाही का..."

तेवढ्यात शेजारच्या गाडीजवळ उभ्या गृहस्थांनी "जर्मल" ऐकून "अरे वा, जर्मन गाडी आहे का?" असं विचारलं. त्यांना समजावण्यात सासूबाई गुंतल्या आणि माझ्या डोक्यावर लक्ष ठेवायला कुणी उरलं नाही.

आता माझ्या माहेरचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. आमच्याकडे घट्टपणा हा सद्गुण मानतात. आमच्या बाबांनी बंद केलेला नळ उघडायला पक्कड लागायची. तेच संस्कार! पाना फिरेना तेव्हा मी पोछ्याचा दांडा आणला, तो पोकळ पाइप पान्याच्या मुठीवर चढवला, एक पाय बंपरला टेकवला आणि कुलदैवताचं नाव घेऊन ओढला.

कर्रर्र.

"बसला!" मी ओरडले.

"आवाज बरा नाही आला," सासूबाई म्हणाल्या.

पण किल्ली फिरवली आणि काय सांगू! उचकी गायब! गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी. सुधीर खाली आला, बॉनेटच्या आत बघितलं आणि म्हणाला, "मी करणारच होतो." मी काळ्या हाताचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आत्मनिर्भर!' सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. शुभदाने एक अंगठा. तोही बहुधा चुकून.

रविवारी सकाळी मी पैठणी, गजरा, नथ अशा थाटात गाडी काढली. गुरुजी पुढे बसले. वय साठीच्या पुढे, अंगावर रेशमी उपरणं, डोक्यावर पगडी. त्यांनी बसताक्षणी सांगून टाकलं, "मला नंतर दिव्याला सत्यनारायण आहे. मुहूर्त चुकला तर मी थांबणार नाही, आधीच सांगतो."

"गुरुजी, गाडी कालच तयार केलीय. मी स्वतः!"

"आपण स्वतः?" गुरुजींनी सीटबेल्ट ओढून पाहिला.

पत्रीपूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक. कल्याणमध्ये शिरलो आणि टिकटिक सुरू झाली. टिक, टिक, टिक.

"घड्याळ आहे का कुठे?" गुरुजी.

"आईंच्या पिशवीत घंटा असेल."

"घंटा मी कापसात गुंडाळलीय," मागून आवाज आला.

शहाडच्या पुलाच्या चढावर मी जरा जोर दिला आणि धाड्! बॉनेटला आतून कुणीतरी हातोडा मारल्यासारखा आवाज. पाठोपाठ फाट्-फाट्-फाट्-फाट्! सुतळी बॉम्बची माळ पुरवून पुरवून लावावी तसं. गुरुजींनी जो मंत्र सुरू केला तो वास्तुशांतीचा नव्हता एवढं नक्की. सुधीर ओरडला, "बंद कर! बंद कर!" मी बंद केली. मागे हॉर्नची आरती सुरू झाली.

बॉनेट उघडलं. तिसरा प्लग त्याच्या टोपीसकट बाहेर लोंबत होता आणि त्याच्या आट्यांत चकचकीत, रुपेरी कीस अडकलेला, नारळ खवल्यावर खवणीला राहतो तसा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे आपलं इंजिन आहे," सुधीर शांतपणे म्हणाला. (या माणसाचा शांतपणा मला एरवीही सहन होत नाही. पुलावर तर नाहीच.)

"मग आत ढकल ना परत!"

त्याने रुमालात धरून ढकलला. प्लग सुळ्ळकन आत गेला, गोल गोल फिरला आणि बोट लावल्यावर सुळ्ळकन बाहेर आला. पेट्रोलचा वास सुटलेला. गुरुजी दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. तेवढ्यात शुभदाचा फोन.

"वहिनी, कुठे आहात?"

"हे काय, पोचतोच आहोत!"

"हॉर्न किती वाजतायत मागे."

"हो ना, लोकांना घाईच फार."

"गुरुजी आहेत ना सोबत? इथे सगळे येऊन बसलेत. माझ्या सासूबाई तीनदा विचारून गेल्या."

"आहेत ना. देऊ का?" म्हणून वळले तर गुरुजी पुलाच्या कडेला उभे राहून रिक्षाला हात करत होते! पण पुलावर रिक्षा थांबत नाही. एक थांबली ती "आंबिवली" ऐकून पुन्हा निघाली. होमकुंड, समिधांची पिशवी, केळीचे खुंट आणि सासूबाई एवढं सगळं तिसऱ्या रिक्षावाल्याने नुसतं डोळ्यांनी मोजलं आणि तोही गेला. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "आता मी सरळ दिव्याला जातो." सासूबाईंनी त्यांच्या उपरण्याचं टोक जे धरलं ते सोडलं नाही.

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दीड वर्षानंतर नणंद नीट बोलेल म्हणून एवढा आटापिटा, आणि तिच्या पूजेचे गुरुजी माझ्यामुळे पुलावर उभे!

तेवढ्यात एक टेम्पो शेजारी येऊन थांबला. मागे ढोल, ताशे, कर्णे आणि लाल कोट घातलेली आठ-दहा माणसं. बेंजो पार्टी! त्यांचा म्होरक्या, गळ्यात हे भलंमोठं लॉकेट, वाकून म्हणाला, "काय गो ताय, गारी बंद परली?"

"हो दादा. प्लग उडाला."

"उरला? आईशप्पथ! कोनी बसवला व्हता?"

"ते जाऊ द्या. आंबिवलीपर्यंत ओढाल का? पूजा आहे हो, गुरुजी आहेत गाडीत."

"आमी टिटवाल्याला साखरपुर्‍याला चाललूं. वाटंवरच हाय तुमचा. दोरी हाय, बांदा रे पोरांनो!"

दोरी बांधली. गुरुजी पुन्हा शेजारी बसले आणि म्हणाले, "त्यांना सांगा, कृपा करून वाजवू नका." मी सांगितलं. म्होरक्या म्हणाला, "नवीन गाना हाय ना ताय, बसवाचाच बाकी हाय. वाटंतच बसवतो." आणि पुलाच्या उतारावर बेंजो सुरू झाला.

बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो, हेही मला त्याच दिवशी कळलं. दोन्ही पायांनी उभं राहून दाबायचा! पैठणीत! पुढे टेम्पोच्या फाळक्यावर मोठा ढोल, प्रत्येक खड्ड्याला आमचा बंपर त्याला पापी देऊन मागे यायचा. मागून सुधीर "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ताल धरत होता. सासूबाई मात्र चुटक्या वाजवत होत्या.

शहाडच्या नाक्यावर माणसं थांबून बघायला लागली. पुढे वाजंत्री, मागे गाडी, म्हणजे आत नवरदेव असणार हे सांगायला नको. लोक वाकून बघायचे, तर पुढच्या सीटवर पगडी आणि उपरण्यातले गुरुजी! एक बाई दुसरीला म्हणाली, अगदी स्पष्ट ऐकू आलं, "नवरा वयस्क आहे गं."

"आणि नवरीच गाडी चालवतेय!" दुसरी म्हणाली.

गुरुजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली. त्याने फरक असा पडला की टक्कल दिसलं आणि गर्दीची सहानुभूती पूर्णपणे माझ्याकडे आली. एका आजींनी लांबूनच माझी दृष्ट काढत कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मागे माझा खरा नवरा होमकुंडाला मिठी मारून बसलेला.

शुभदाच्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनने बेंजो ऐकून दोन्ही फाटकं सताड उघडली आणि सलाम ठोकला. गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. खाली पोरांनी नाचायला सुरुवात केली. माणसं जमलेली पाहून म्होरक्याला चेव आला आणि नुकतंच बसवलेलं गाणं त्याने सुरुवातीपासून, सगळ्या कडव्यांसकट घेतलं. शुभदा पूजेच्या साडीत, मुंडावळ्या सावरत, जिना उतरून धावत आली. आमच्याकडे पाहिलं, बेंजोकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"माझ्या वास्तुशांतीला... बेंजो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई गाडीतून उतरल्या. "मग? लेकीचं घर आहे. मीच म्हटलं, वाजतगाजत जायचं!"

मी आ वासून बघत राहिले. दांडा कुणी ओढला, ब्रेक कुणी दाबला, लोकांची बोलणी कुणी ऐकली, आणि श्रेय कुणाला! शुभदा आईच्या गळ्यात पडली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "हौशी आहेत गं तुझ्या माहेरचे." सुधीरने नुसतं स्मित केलं. गुरुजी "मुहूर्त! मुहूर्त!" करत लिफ्टकडे पळाले.

हे सगळं छान चाललेलं, तेवढ्यात म्होरक्या मोठ्यांदा म्हणाला, "ताय, दोरी सोरतो आता. आन तो पलग नीट बसवून घ्या. उरला ना परत तं आमी नाय येवाचं!"

शुभदाने दोरी पाहिली. बंपरवरचे ढोलाचे लाल डाग पाहिले. मग माझे बॉनेट उघडताना काळे झालेले हात. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. मी म्हटलं, संपलं. आता 'हो' आणि 'नाही'सुद्धा बंद.

आणि ती हसायला लागली. मुंडावळ्या तोंडावर आल्या तरी थांबेना. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत राहिली. "वहिनी, तू... टेम्पोला बांधून... गुरुजींना..." तिला वाक्य पुरं करता येईना. मग डोळे पुसत म्हणाली, "चल वर, हात धू आधी. जेवण झालं की खालच्या गॅरेजमध्ये दाखवू. रविवारीही उघडं असतं. गावात सगळं असतं हो!"

जेवणं उरकल्यावर गाडी ढकलत गॅरेजपाशी नेली. मेकॅनिक तोंडाळ होता. बॉनेटमध्ये विजेरी मारली, आत डोकावला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "आटे गेलेत."

"कुणाचे?" सासूबाईंनी माझ्याकडे बघत विचारलं.

"हेडचे, आजी. वाकडा घुसवलाय प्लग, वर पाइप लावून ओढलाय. जर्मलमध्ये दुसरे आटे कापत गेलाय तो! आता नवीन आटे पाडून आत स्टीलचा बुश बसवायला लागेल. गाडी तशीच चालवली असती ना, पेट्रोल बाहेर उडून पेटलीही असती."

मला पुलावरचा तो वास आठवला, आणि मागच्या सीटवरच्या सासूबाई. मी निमूट खुर्चीवर बसले आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी त्याने नवा प्लग घेतला, मागे रबरी नळीचा तुकडा लावला आणि नुसत्या दोन बोटांनी फिरवत फिरवत आत नेला. कुठे अडला असता तर नळीच घसरली असती, प्लग वाकडा जायचा प्रश्नच नाही. पार टेकल्यावर पाना लावला आणि जेमतेम अर्धा वेढा दिला. मग हात पुसत माझ्याकडे आणि सुधीरकडे आळीपाळीने पाहिलं.

"आधीचा कोणी बसवला होता?"

सासूबाई पदराच्या काठावरचे मोर मोजायला लागल्या. मी पैठणीत, नथीत, अगदी सोज्वळ दिसत होते.

"ह्यांनी," मी म्हणाले.

सुधीरने माझ्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांच्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं. मेकॅनिकने त्याला पोटभर सुनावलं. कुस्ती खेळायची तर आखाड्यात जा म्हणाला, ताकद दाखवायची तर पोती उचला म्हणाला. सुधीर प्रत्येक वाक्याला "चुकलं" म्हणत उभा. शेवटी मेकॅनिकलाच दया आली. सुधीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राग मानू नका, सर. पण ह्या कामाला हात हलका लागतो आणि डोकं शांत लागतं. पुढच्या वेळी मॅडमना बसवू द्या."

मी पदर सावरला आणि म्हणाले, "मी ह्यांना तेच सांगत होते!"